न पाहिलेल्या गावाचा रस्ता

दोह्यातल्या अल मन्सूरात आमच्या खालच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी गृहस्थ राहत. दर शुक्रवारी सकाळी ते गाडी धूत आणि धुता धुता सात वर्षांच्या मुलीकडून पॅलेस्टाइनमधल्या आपल्या गावाचा रस्ता म्हणून घेत. "बसमधून उतरल्यावर?" "मशीद." "मग?" आपल्याकडे पाढे म्हणून घेतात, तसं. माझी कामापुरती अरबी एवढं समजायला पुरत असे.

गाव त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. त्यांचा जन्म कुवेतचा, मुलीचा दोह्याचा. अठ्ठेचाळीस साली इस्रायल झालं आणि गाव सुटलं तेव्हा त्यांचे वडील सहा वर्षांचे होते. म्हणजे त्या रस्त्याने चाललेला माणूस एकच, आणि तोही सहा वर्षांचा. हे मी त्यांना कधी बोललो नाही. वडील वारल्यावर तर ते जास्तच काटेकोर झाले होते. एक वळण चुकलं की पुन्हा बसपासून सुरुवात.

एका शुक्रवारी मुलगी म्हणाली, "मशिदीनंतर विहीर. विहिरीजवळ आइस्क्रीमचं दुकान."

"तिथे दुकान नाही."

"तू पाहिलंयस का, बाबा?"

त्यांनी पाइप खाली ठेवला. एरवी पाणी वाया न घालवणारा माणूस, पण नळ चालूच राहिला. आता ते रागावतील असं मला वाटलं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बरं, दुकान असू दे," ते म्हणाले. "आइस्क्रीमही घे. पण खात खात डावीकडेच वळायचं. उजवीकडे आपलं घर नाही."