चढावर उतरलेली चेन

खरं सांगायचं तर त्या सकाळी माझं देवाशी भांडणच चाललं होतं. शेजाऱ्यांच्या फोनवर उल्हासनगरच्या दवाखान्यातून निरोप आला होता. माझ्या धाकट्या बहिणीला, कुंदाला, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिच्या गटाचं रक्त कुठे मिळत नव्हतं. त्या गटाचा घरात मी एकटाच. आणि नेमकी रेल्वेची वायर तुटून गाड्या बंद! बदलापूर स्टेशनबाहेर उल्हासनगरचं नाव काढलं की रिक्षावाले मान फिरवत. शेवटी खरवईला घरी परतलो आणि मुलाची गिअरची सायकल काढली. आमच्याकडे तेव्हा अशी सायकल म्हणजे नवलाई. मी तिला कधी हातही लावला नव्हता.

माझा स्वभाव मुळातच उतावळा. "दादा, तू देवळातसुद्धा घोड्यावर बसून येतोस," असं कुंदाच चिडवायची. अंबरनाथच्या महादेवाला दर सोमवारी जायचो खरा, पण त्या दिवशी तोंडात नाम नव्हतं, धमकी होती. महादेवा, तिला काही झालं तर पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही! असं पुटपुटत अंबरनाथच्या अलीकडच्या चढावर पायडलवर उभा राहिलो आणि सगळा भार देत गिअरचा खटका ओढला. कडकड आवाज झाला, चेन उतरून आत अडकली. ओढली तशी आणखीच रुतली. मला रडूच फुटलं.

समोरून एक सिंधी गृहस्थ सायकलवर कापडाचं गाठोडं बांधून येत होते, ते थांबले. काडीने चेन सोडवून त्यांनी ती चाकाच्या दातांवर बसवली आणि म्हणाले, "साईं, गिअर टाकताना इतका जोर नको. पायडल बंद नाही करायचा, फक्त जोर काढायचा. चेन अपने आप चढते."

"अहो, तिकडे बहीण मरतेय आणि तुम्ही शिकवत काय बसलाय!" मी खेकसलो.

"म्हणूनच सांगतो. जोराने गेलास तर पोचणारच नाही," ते शांतपणे म्हणाले आणि आपल्या वाटेने गेले.

पुढच्या चढावर पाय फिरवत ठेवले, भार काढला, खटका ओढला. चेन अलगद चढली.

पोचलो, रक्त दिलं. "आता वाट बघायची," डॉक्टर म्हणाले. तेच तर मला जमत नाही! व्हरांड्यात येरझारा घालताना ती धमकी पुन्हा जिभेवर आली आणि त्या गृहस्थांचा आवाज आठवला. महादेवाला हाक मारणं चालूच ठेवलं, त्यातली धमकी तेवढी काढली. महादेवा, कुंदा तुझीच आहे. आणि हे मी खरंच म्हणत होतो.

संध्याकाळी कुंदाने डोळे उघडले. माझ्याकडे बघून क्षीण आवाजात म्हणाली, "शी, दादा, हात बघ किती काळे! बाळाला घेऊ नकोस हं." मी हसत हसत ढसाढसा रडलो.

ते गृहस्थ पुन्हा कधी भेटले नाहीत. माझा उतावळेपणाही पुरता गेलेला नाही. नखांतलं चेनचं काळं मात्र कितीतरी दिवस निघालं नाही. पुढच्या सोमवारी त्याच हातांनी महादेवाला बेल वाहिला आणि घरी आल्यावर लक्षात आलं, आज काही मागायचं राहूनच गेलं.