मिसरीच्या डबीतल्या गोळ्या

"मावशी, पाहुणे जाईपर्यंत ड्राय बाल्कनीत बसा. त्यांच्यासोबत लहान बाळ आहे."

मॅडमनी स्वयंपाकघराच्या बाजूने कडी लावली. खट्.

मी काय म्हणाले? "सॉरी मॅडम." कोंडलं त्यांनी, सॉरी मी! नात आजही पोट धरून हसते. हस बाई. बावळटच होते मी.

हिंजवडीत कंपन्या आल्या, मागोमाग वाकडला टॉवर उठले, तेव्हाची गोष्ट. मी तिथं पोळ्या लाटायचे. नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. जाताना मला एचआयव्ही देऊन गेला. मग मानेला गाठी आल्या, ताप उतरेना. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "हा जंतू म्हणजे टीबीचा चुलतभाऊ. पाण्यात, मातीत असतो. धडधाकट माणसाच्या वाटेला जात नाही. ताकद गेलेल्या माणसाच्या मात्र मानगुटीवर बसतो. तुमच्यापासून कुणाला होणार नाही. पण गोळ्या चुकवल्यात तर तुम्हाला सोडणार नाही."

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. शिकलेल्या आहेत, समजून घेतील म्हणून. त्यांनी आजाराचं नाव तेवढं ऐकलं. पोळ्या मात्र माझ्याच हातच्या चालायच्या. त्या खाताना बाळ आडवं येत नव्हतं.

गोळ्या मी मिसरीच्या डबीत लपवायचे. लोकांनी व्यसनी म्हटलं तरी चालेल, आजारी म्हणू नये. केवढी अक्कल! डबी पिशवीत, पिशवी ओट्याखाली, कडीच्या पलीकडे. पाहुणे आले की मी बाहेर आणि दुपारची गोळी आत. असं कितीदा झालं. बसलेली गाठ पुन्हा वर आली. तरी मी वॉशिंग मशीनला टेकून, तोंडात पदर कोंबून खोकायचे. आवाज नको जायला.

त्या दुपारी गाठीवर हात गेला. ठणकली. आत हसणं चाललेलं. मी टकटक केलं, तेही हळदीकुंकवाला आल्यासारखं. कुणी आलं नाही. ही बाई मला मारणार, आणि मी सॉरी म्हणत मरणार.

बादली उपडी केली. पोछ्याच्या दांड्यानं बडवली. जीव खाऊन बडवली.

कडी निघाली. "मावशी, काय तमाशा हा!"

"गोळी घ्यायचीय."

"पाच मिनिटं थांबता येत नाही?"

"नाही."

पिशवीतून डबी काढली. पाहुण्यांच्या ट्रेमधला ग्लास उचलला, नळाखाली भरला, सगळ्यांदेखत गोळी गिळली.

"माझा जंतू पाण्यात असतो, मॅडम. तुमच्या नळातही असेल."

बाळाच्या आईनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"उद्यापासून येऊ नका."

"आज तरी कुठं आत घेतलं होतंत?"

पुढच्या घरी उंबऱ्यावरच सांगितलं, "मला एचआयव्ही आहे. गोळ्या ओट्यावर राहतील, वेळ झाली की घेईन." दार बंद. त्याच्या पुढच्या घरीही तेच. हात झटकून बाई आत गेली.

मी तिसऱ्या दाराची बेल दाबली. वाक्य तेच. एक शब्द कमी करणार नव्हते.