विहिरीबद्दलचे वाक्य

मृदाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण संपवून मी यवतमाळला परतले, ते रोपवाटिका काढायची हे ठरवूनच. मिरची-टोमॅटोची रोपे जूनमध्ये शेतकऱ्याच्या हाती द्यायची, तर मे महिन्यात पाणी हवे. बाकीच्या उणिवा भरून काढता येतात. ही येत नाही. म्हणून आर्णीजवळ विहिरीसह शेत भाड्याने मिळते आहे असे कळताच मी वकिली करणाऱ्या मामीला सोबत घेतले.

शेतमालक साठी ओलांडलेले आणि बोलण्यात रंगणारे. "जमीन म्हंजे निरं लोणी आहे, पोरी. काडी रोवली तरी पान फुटते. अन् विहिरीले मे महिन्यातही पाणी राह्यते."

मामीने बशी खाली ठेवली. "लोणी राहू द्या, भाऊ. पाण्याचं पुन्हा सांगा."

परतताना तिने मला फरक समजावला. मालाची स्तुती कुणीही करतो. कायदा त्या स्तुतीसाठी कुणाला जबाबदार धरत नाही. पण मे महिन्यात पाणी राहते, हे वस्तुस्थितीबद्दलचे विधान. त्यावर विसंबून करार केला आणि ते चुकीचे निघाले, तर सांगणारा प्रामाणिक असला तरी करारातून बाहेर पडता येते. "मात्र साध्या चौकशीत कळण्यासारखं असेल," ती म्हणाली, "तर न्यायाधीश तुलाच विचारतील, डोळे कुठे होते?"

जे विधान तपासून खोटे ठरवता येते त्यालाच वजन, हे मी प्रयोगशाळेत शिकले होते. मामी तीच चाळणी चहा पिता पिता लावत होती.

तिने ते वाक्य कराराच्या मसुद्यात घातले तेव्हा मला संकोच वाटला. आमच्या भागात ओळखीच्या वडीलधाऱ्यांचे बोलणे कागदावर मागणे म्हणजे संशय. सही करायच्या दिवशी मालकांच्या मुलाने ते बोलून दाखवलेच. "बाबांच्या शब्दावर भरोसा नाही काय, वकीलबाई?"

"आहे ना! म्हणूनच तो वाया जाऊ देत नाही."

मामीची एक पद्धत आहे. सहीआधी मसुदा ती मोठ्याने वाचते आणि बैठकीत उच्चारलेले प्रत्येक वाक्य आले की थांबून ते बोलणाऱ्याकडे पाहते. विहिरीच्या वाक्यापाशी ती तशीच थांबली.

मालकांनी हातातला पेन खाली ठेवला. "थांबा. तवा मी खरंच बोल्लो होतो. पण मागच्या हप्त्यात धुऱ्यापलीकडच्या शेतवाल्यानं बोअर मारला, अन् त्याले पाणी लागलं. आता माह्या विहिरीचं मले सांगता येत नाही."

"बाबा, कायले सांगता?" मुलगा पुटपुटला.

"मग मे महिन्यात हे पोरगी विहिरीत डोकावन, तवा काय सांगू तिले?"

बोलताना खरे असलेले विधान सहीपूर्वी खोटे ठरू लागले, तर बोलणाऱ्याने ते दुरुस्त केले पाहिजे, अशीही कायद्याची अपेक्षा असते. हे मामीने मला नंतर सांगितले. मालकांनी तो कायदा कधी वाचलेला नव्हता. मामीने मात्र त्यांना तो पाळायला जागा करून दिली होती. दोघांपैकी कुणाचे अधिक कौतुक करावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या दिवशी सही झाली नाही. रोपवाटिका एक हंगाम लांबली आणि मी इतर शेते पाहत राहिले. मनासारखे एकही मिळाले नाही.

मे महिन्यात मालकांचाच फोन आला. "ये, पाहून घे."

भर उन्हात आम्ही मोटर सुरू केली. ती तासभर चालली, मग हवा ओढू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर. मी तिथेच हिशेब मांडला: टाकी बांधून ठिबक वापरले, तर ठरवलेल्या रोपांपैकी निम्मी जगतील. मी निम्मेच शेत मागितले.

नव्या करारात वाक्य आले: मे महिन्यात विहिरीवर मोटर रोज तासभर चालते, हे उभयतांनी पाहिले आहे. मालकांनी ते दोनदा वाचले.

"लोण्याचं नाही लिहिलं, वकीलबाई?"

"त्याची साक्ष कोण देईल, भाऊ?"

ते हसले आणि त्यांनी सही केली. पेन माझ्याकडे आला, तेव्हा मी टाकीची जागाही ठरवून टाकली होती.