तारखेच्या दिवशी उमरोळी

घटस्फोटाचा जुना कागद कोर्टातून कसा मिळवायचा, हे मला आता तोंडपाठ आहे. दाव्याचा नंबर माहीत असेल तर काम सोपं. नसेल तर दोघांची पूर्ण नावं आणि निदान अंदाजे वर्ष सांगायचं, शोधाचा अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फीचं तिकीट लावायचं. दावा सापडला की नकलेसाठी वेगळा अर्ज. मग सही-शिक्क्याची नक्कल हातात पडते आणि ती कुठल्याही कचेरीत चालते. कोणी विचारलं तर मी एवढं सांगते आणि थांबते. पुढचं सांगितलं की माणसं उगाच कळवळतात, आणि मला ते सोसत नाही.

कागद आईला हवा होता. तिचा आजार वाढत चालला होता. फार महिने नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बोईसरच्या ज्या दवाखान्यात आम्ही जायचो, तिथली नर्स तिला आडनावाने हाक मारायची, आणि ते आडनाव माझ्या वडिलांचं होतं. मी सहा वर्षांची असताना ते दोघं वेगळे झाले. त्यानंतर आईने औषधांच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहून मला वाढवलं, पण रेशनकार्डावरचं नाव बदलायला तिला कधी सवड झाली नाही. रेशनकार्डावरून ते आधारवर गेलं आणि आधारवरून सगळीकडे.

एके दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षात ती म्हणाली, "मला त्याच्या नावाने नेऊ नका. दाखल्यावर माझ्या बापाचं नाव लागलं पाहिजे." कुठल्या दाखल्यावर, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सेतू केंद्रातल्या मुलीने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, माहेरचं नाव पुन्हा लावायचं तर घटस्फोटाचा हुकूमनामा लागेल. आईकडे तो नव्हता. "वकिलाकडे असेल," ती म्हणाली. वकील केव्हाच वारले होते आणि त्यांच्या ऑफिसात आता मोबाइल दुरुस्त होतात. मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना आला की त्यावर तारीख, वेळ आणि नाव टाकल्याशिवाय मी त्याला हातसुद्धा लावत नाही. अशा माणसाच्या आईने आयुष्यातला सगळ्यात मोठा कागद सांभाळला नाही, याचा मला राग आला. आजारी बाईवर रागावता येत नाही म्हणून मी घरी येऊन भांडी आदळली.

रजा काढून पालघरला गेले. कोर्टातल्या नकलेच्या खिडकीवर निवृत्तीला टेकलेले एक काका होते, किनाऱ्याकडच्या कुठल्यातरी गावचे.

"वरीस म्हाईत हाय का, ताई?" त्यांनी विचारलं.

मी अंदाजे सांगितलं.

"तवा जिल्हा ठाणे व्हता. पन आदी हितलं बघू. नाय मिळालं तर मंग ठाण्याचा इचार करू."

त्यांना बघावं लागलं नाही फार. दुसऱ्या खेपेला नोंद सापडली. दोघांनी मिळून केलेला अर्ज होता, संमतीचा. वडील अर्जदार क्रमांक एक, आई दोन. मी नकलेचा अर्ज भरला आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. काम झालं असं मला वाटलं होतं.

नक्कल घ्यायला गेले तेव्हा काकांनी कागद लगेच पुढे सरकवले नाहीत. "ताई, हुकूमनामा नाय हाय यात," ते म्हणाले. "कोर्टानं अर्ज काडून टाकलेला हाय. दुसऱ्या सहीला बाई आल्याच नाय."

संमतीच्या घटस्फोटात दोनदा यावं लागतं, हे मला त्या खिडकीशी कळलं. एकदा अर्ज द्यायला, आणि सहा महिन्यांनी पुन्हा, दोघांनी, आमचा विचार तोच आहे हे सांगायला. दुसऱ्यांदा सांगितल्याशिवाय काहीच होत नाही. मी कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसून कागद वाचले. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेवार नोंदीत, दुसऱ्या सहीच्या तीन तारखा होत्या. तिन्ही तारखांना अर्जदार क्रमांक एक हजर. तिन्ही तारखांना अर्जदार क्रमांक दोन गैरहजर.

आणि दोन चिठ्ठ्यांच्या नकला होत्या, वडिलांच्या अक्षरातल्या. त्यांचं अक्षर मी तोवर पाहिलं नव्हतं. ते गोल आणि शाळकरी होतं. दोन्ही चिठ्ठ्यांत मजकूर एकच होता: माझ्या पत्नीची तब्येत बरी नसल्याने ती आज येऊ शकली नाही, तरी पुढील तारीख मिळावी ही विनंती. तिसऱ्या तारखेला चिठ्ठी नव्हती.

माझे वडील वाईट माणूस नव्हते. प्यायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत. फक्त बोलणं बंद करायचे. भाजीत मीठ जास्त झालं, की आठवडा. आईने उलट उत्तर दिलं, की महिना. आई सांगायची, शेवटी शेवटी तर घड्याळाची टिकटिकसुद्धा बोलणं वाटायची. वेगळे झाल्यावर ते सालवडला एका खोलीत राहिले, आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि एकटेच राहिले. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा शेजाऱ्यांचा फोन आला. आई गवार मोडत होती. "बरं," म्हणाली आणि मोडत राहिली. मी एकटी जाऊन आले. परत आल्यावर अंघोळीला निघाले तर तिने विचारलं नाही, पण दारातून ऐकवलं, "तुझा बाप होता, तू कर. मला त्याचं सुतक नाही. कोर्टाने सोडवलंय मला." तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. लपवायचं ठरवून घरी आले होते, पण मला जमलं नाही. आई उशीला टेकून ऐकत होती. मी म्हटलं, "तू गेली का नाहीस?"

"पहिल्यांदा सही केली की झालं, असं वाटलेलं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा बोलावतात ते कोणाचं मन बदललं असेल तर त्यांच्यासाठी, अशी माझी समजूत. माझं काही बदललं नव्हतं."

"म्हणजे घरातून निघालीच नाहीस?"

"निघाले ना. तुला घेऊन. दुपारच्या शटलने." तिने पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. "उमरोळीला उतरले."

उमरोळी बोईसर आणि पालघरच्या मधलं स्टेशन. आमचं तिथे कोणी नव्हतं, काही कामही नव्हतं. तरी मला उमरोळी आठवते. लहानपणातला सगळ्यात चांगला दिवस कोणता म्हणून कोणी विचारलं तर मी तोच सांगत आले आहे. फलाटावर एक बाई टोपली घेऊन बसली होती आणि आईने मला ताडगोळे घेऊन दिले होते, हवे तितके. पाणी हातावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि आई रागावली नव्हती. आम्ही दोघी बाकावर पाय हलवत बसलो होतो. गाड्या गेल्या, आम्ही कुठल्याच गाडीत चढलो नाही. आई फक्त माझ्यासाठी सुट्टी काढून तिथे आली आहे, असं मला वाटलं होतं. मी माझ्या मुलीलासुद्धा ही गोष्ट सांगितली आहे.

"का उतरलीस?" मी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "गाडीत तू विचारलंस, तिथे बाबा येणार का. मी हो म्हटलं. तर तू म्हणालीस, मग त्यांना सांगू, घरी चला म्हणून."

मला यातलं काही आठवत नव्हतं. ताडगोळे तेवढे आठवत होते. मला रडू आलं. चाळिशीला आलेल्या बाईने आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखं रडावं याची मला लाज वाटली, तरी मी रडले.

तिने चिठ्ठ्यांच्या नकला मागून घेतल्या. चष्मा लावून दोन्ही वाचल्या, वेळ घेऊन.

"पुढच्या तारखा मला कोणी कळवल्याच नाहीत," ती म्हणाली. मग पुन्हा वाचून म्हणाली, "मी आजारी नव्हते."

"ते त्यांनी असंच लिहिलं असेल."

"महिना महिना तोंड उघडायचा नाही तो माणूस. आणि तिथे जाऊन माझ्यासाठी खोटं बोलला." कागदाची घडी तिने होती तशीच घातली. "मला एकदा विचारायला काय झालं होतं त्याला? रिक्षाने येण्याएवढं तर अंतर होतं."

मी म्हटलं, "नावाचं आपण दुसरं काहीतरी बघू. वकिलाला विचारते."

"नको. आता कोणाशी भांडू? राहू दे." मग तिने विचारलं, "पाणी आहे का गरम?"

मला वाटलं, औषध घ्यायचं असेल. मी पेला शोधू लागले.

"प्यायला नाही. बादलीत काढ."

गावी तिच्या लहानपणी लांब राहणाऱ्या नातेवाइकाच्या मृत्यूची बातमी कधीकधी वर्ष उलटल्यावर यायची. तेव्हा दहा दिवसांचं सुतक नसायचं, नुसती एक अंघोळ करायचे. हे तिनेच मला पूर्वी सांगितलं होतं. अंगात ताप होता, डॉक्टरांनी डोकं भिजवायचं नाही म्हणून बजावलं होतं. तरी मी बादली भरली.

मोरीत प्लास्टिकच्या स्टुलावर तिला बसवलं. केस राहिलेच कुठे होते, तरी तिने ते सोडले. मी तांब्या भरला. ती म्हणाली, "डोक्यावरून घाल," आणि डोळे मिटून घेतले.