अस्वलाचा आवाज

आमच्या तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला सगळे चिमणी म्हणतात. उंचीला ती दाराच्या चौकटीला टेकते आणि आवाज असा, की फोनवर लोक विचारायचे, "बाळ, आई आहे का घरात?" नाव ठेवलं नणंदेनं, चिडवायला. हिनं ते पाळणाघराच्या पाटीवरच रंगवून घेतलं. चिडवणाऱ्याची हवाच गेली.

दोन्ही मुली सासरी गेल्या आणि घर खायला उठलं, तेव्हा तिनं पुढच्या खोलीतला पलंग हलवला, सतरंजी अंथरली आणि कामावर जाणाऱ्या आयांची पोरं सांभाळायला घेतली. पुस्तकं भाऊजींची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. ते छापखान्यात मशिनमन होते. मुलांची चित्रांची पुस्तकं छापताना ज्या कागदांवर रंग सरकायचा, ते कागद रद्दीत जायच्या आत ते घरी आणत. चिमणी ते जाड दोऱ्यानं शिवायची. त्यामुळे तिच्याकडच्या वाघाचे पट्टे वाघाच्या बाहेर होते आणि चिचुंद्री ज्या पानावर बसून नदी पार करते, ते पान तिच्या पुढे पुढे पळायचं. पोरांना वाटायचं, वाघ असाच असतो.

जेवणं झाली की वाचन. चिचुंद्री, खार, बगळा यांचे आवाज तिला जन्मजात यायचे. अस्वल मात्र यायचं नाही. त्यासाठी ती हनुवटी छातीला लावायची आणि तोंडासमोर बिस्किटांचा रिकामा डबा धरायची. तरी बाहेर यायचा तो सर्दी झालेला उंदीर. पोरं लोळून हसायची. मी दुपारी मदतीला जायचे, केळी सोलायला, नाकं पुसायला. मीही हसायचे.

मग अस्वल सुधारायला लागलं.

आधी तिनं डबा सोडला, मग हनुवटी खाली घ्यायचीही गरज उरली नाही. आवाज जाड, खरखरीत, तळघरातून आल्यासारखा निघायला लागला. पोरं खूश. न्यायला येणारी एक आई म्हणाली, "काय अस्वल करता हो तुम्ही! आमची ही घरी मला पुस्तकाला हात लावू देत नाही." चिमणीनं मान डोलावली. त्या बाईला "या उद्या" म्हणाली, तेही अस्वलाच्याच आवाजात.

सगळ्यात खूश भाऊजी, आता निवृत्त होऊन घरीच असलेले. मशिननं त्यांचे कान खाल्ले होते आणि आधी गेले ते बारीक आवाज: शिट्टी, दारावरची घंटा, आणि चिमणी. ती बोलायची, ते "हं" म्हणायचे, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की काही पोचलेलं नाही. एका दुपारी ती वाचत असताना आतल्या खोलीतून हसू आलं, नेमकं जिथं यायला हवं तिथं. दुसऱ्या दिवसापासून भाऊजी खुर्ची घेऊन दाराशी बसायला लागले.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस माझ्या बोलण्यावर वेळेवर हसला," चिमणी मला म्हणाली. चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता. हात मात्र गळ्यावर होता.

तो हात मी बघत होते. चिचुंद्रीचं पुस्तक ढिगाच्या तळाशी गेलं होतं, त्यावर बगळा, त्यावर खार. वर उरलं होतं फक्त अस्वल. केळं गिळताना ती मान एका बाजूला वळवायची. नव्यानं आलेलं एक तान्हं तिच्या अंगाईला दचकून रडायला लागलं. तिनं ते माझ्या हातात दिलं आणि चादरी झटकायला गेली. चादरी झटकलेल्याच होत्या.

"डॉक्टरांना दाखव गं एकदा," मी म्हणाले.

"घसा बसलाय. पोरांमागे ओरडून कुणाचा बसत नाही?"

"इतके महिने?"

"आरामात बसलाय बिचारा. तुझ्या का पोटात दुखतंय?"

"दुखतंय. चल माझ्याबरोबर."

ती चादरीच्या घड्या घालत राहिली. मग भाऊजी आत आहेत हे बघून म्हणाली, "डॉक्टर काय सांगणार, मला माहीत आहे. बोलू नका म्हणणार. नाहीतर कापणार. अगं, आत्ता कुठे माझं बोलणं ह्यांच्यापर्यंत पोचतंय. बरी झाले तर पुन्हा चिमणी."

"आणि नाही झालीस तर?"

"तोवर बोलून घेते," ती म्हणाली.

मी रोज विचारत राहिले, रोज ती काहीतरी चेष्टा करून मला वाटेला लावत राहिली. आवाज आणखी खाली गेला. आता मधे मधे शब्दाचं शेपूट तुटायचं. पोरांना ते अस्वलाचं धापा टाकणं वाटे.

मग एका दुपारी, जिला सगळे बटाटा म्हणतात ती मुलगी हटून बसली. "मला चिचुंद्री पाहिजे."

"चिचुंद्री गावाला गेली."

"नाही गेली. खाली आहे. तू काढतच नाहीस."

चिमणीनं माझ्याकडे बघितलंच नाही. अस्वलाचं पुस्तक उघडलं. त्यात अस्वल हरवलेलं पिल्लू शोधायला गुहेत शिरतं आणि पानागणिक चित्र काळं होत जातं. एका पानावर तर शाई दुप्पट बसली होती. डोळेसुद्धा दिसत नव्हते, नुसता अंधार. ते पान आलं. चिमणीनं श्वास घेतला, "पिल्ला, कुठे" एवढं म्हणाली, आणि आवाज थांबला.

पोरं सतरंजीवर पुढे सरकली.

"अस्वल कान देऊन ऐकतंय," बटाटा कुजबुजली.

चिमणीचं तोंड हलत होतं. त्यातून फक्त वारा येत होता, फटीतून येतो तसा.

"थांबलीस का?" भाऊजी दारातून म्हणाले. "वाच ना. चांगलं चाललं होतं."

तिनं पुन्हा तोंड उघडलं. भाऊजी उठले. पोरांच्या पायांमधून वाट काढत आले आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसले. कान गेल्यावर हा माणूस मशिन हातानं ऐकायचा. पत्र्यावर तळवा ठेवला की कुठला भाग झिजलाय ते सांगायचा. त्यांनी तोच तळवा तिच्या गळ्यावर ठेवला.

"बोल."

ती काहीतरी बोलली. मी हातभर अंतरावर होते, मला ऐकू आलं नाही. भाऊजींची बोटं सरकली, बाजूला, जबड्याच्या खाली, आणि एका जागी थांबली. त्यांनी जरा दाबलं. चिमणीनं डोळे मिटले.

"ही गाठ कधीची?"

तिनं मान हलवली. माहीत नाही म्हणून की सांगत नाही म्हणून, कळलं नाही.

भाऊजींनी हात काढला नाही. "आणि मी खुर्ची टाकून ऐकत बसलो होतो," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे.

मग ते उठले, खुंटीवरची पिशवी घेतली, तिच्या चपला तिच्या पायांपाशी आणून ठेवल्या. मला म्हणाले, "वहिनी, पोरांना बघा." चिमणी पुस्तकाकडे बोट दाखवत होती, गोष्ट अर्धी राहिली म्हणून. त्यांनी ते बोट धरलं आणि तिला उठवलं. गेटपर्यंत ती सारखी काहीतरी सांगत होती. भाऊजी तिच्या तोंडाशी कान नेत होते, मान हलवत होते, आणि चालणं थांबवत नव्हते.

मी पुस्तक मांडीवर घेतलं. "पिल्ला, कुठे आहेस तू?" वाचलं, होईल तेवढा जाड आवाज काढून.

"असं नाही करत अस्वल," बटाटा म्हणाली.

"मग कसं करतं?"

तिनं काळ्या पानावर दोन्ही हात ठेवले, मला पान उलटता येऊ नये म्हणून, आणि दाराकडे तोंड करून बसली.