आरशामागची वायर

डॉक्टरांनी ठेवायला सांगितलेल्या वहीत माझ्या हातच्या अकरा नोंदी खोट्या आहेत. लिहिताना त्या खोट्या आहेत हे मला माहीत नव्हतं. पण ज्या सकाळी ते कळलं, त्या सकाळीही मी वही उघडली नाही आणि पुढे तीन महिने उघडली नाही. हे लिहितो आहे ते त्यासाठी.

वही माझ्या बायकोच्या आजाराची. दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी भाजीत दोनदा मीठ, मग वार, मग सकाळची गोळी घेतली की नाही ते. डॉक्टर म्हणाले, रोज काय विसरतात ते लिहून ठेवा, त्यावरून पुढचं ठरवू. मुलगा सकाळी नोकरीवर जातो, तेव्हा लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आरशाची कल्पना मुलाची. समोरून आरसा, पण मागे उजेड असला तर आरपार दिसेल अशी काच मिळते. तिच्यामागे जुना मॉनिटर उभा बसवायचा आणि त्याला पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा कॉम्प्युटर जोडायचा. केस विंचरताना तिला काचेतच वार, तारीख, वेळ दिसेल आणि ‘सकाळची गोळी घे’ अशी अक्षरं येतील. सामान त्याने आणलं. बसवतो म्हणालो मी. छत्तीस वर्षं लाइनमन होतो. माझ्या घरात दुसऱ्या कुणी वायर ओढलेली मला चालत नाही.

सॉफ्टवेअरने मात्र घाम काढला. नखाएवढ्या मेमरी कार्डावर सगळं उतरवायचं, मग काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाईप करायची. एका फाइलीत मी एक स्वल्पविराम विसरलो, तर दोन दिवस नुसता काळोख. स्वल्पविराम सापडला, तर मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन.

बायको विंचरायला आली आणि हसली. “ही कुठली भाषा? नुसत्या खिडक्या दिसतात.”

“मराठीच आहे. अक्षरं टाकायची राहिलीत.”

“मग वाचून दाखवा की.”

मराठी फॉन्ट टाकला तेव्हा काचेत पहिला शब्द उमटला, मंगळवार. तिने तो मोठ्याने वाचला. “चला, आरशाला तरी ठाऊक आहे.”

आता वायरीचं. मुलाने कॉम्प्युटरबरोबर त्याचा ॲडॅप्टरही दिला होता, पण त्याची वायर आखूड. आरसा मधल्या खोलीत आणि प्लग बाहेर ओटीवर, पंपाच्या स्टार्टरशेजारी. भिंतीतून दारावरच्या जुन्या घंटीची बारीक वायर आतपर्यंत आलेली होती, वापरात नव्हती. मी जुना मोबाइल चार्जर ओटीवर लावला, तो घंटीच्या वायरीला जोडला आणि दुसरं टोक आरशामागे नेलं. भिंतीवर एक वायर दिसत नव्हती. त्या सफाईवर मी खूश होतो.

चालू केलं तर काचेच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्यासारखं चिन्ह आलं. मुलाला फोन केला.

“बाबा, ते म्हणजे पॉवर कमी पडतेय. मी दिलेलाच ॲडॅप्टर लावलाय ना?”

“तोच लावलाय,” मी म्हणालो.

मग मी मोबाइलवर शोधलं. ते चिन्ह दिसू नये यासाठी सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहिता येते. मी ती लिहिली. चिन्ह गेलं.

होळी गावातली आमची वाडी लहान आहे. केळी, थोडा मोगरा, कडेने पानवेली. पंप आला तेव्हापासून तो रोज सकाळी सातला तीच लावते. स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं आणि पाटाने जाऊन पाणी वाफ्यांना फिरवायचं. वार विसरली तरी आज कुठल्या वाफ्याची पाळी आहे हे ती कधी विसरली नव्हती.

आरसा लागून आठवडा झाला असेल. सातच्या सुमाराला तो अचानक काळा झाला. मी ओटीवर धावलो. ती स्टार्टरपाशीच उभी होती.

“आरशाचं बटण बंद केलंस?”

“कुठलं? मी हिरवं दाबलं.”

“शेजारचंही दाबलं असशील. मग आरसा आपोआप मेला?”

खरं तर आरशाचं बटण चालूच होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. तरी मी ठरवून टाकलं की तिने चुकून बंद केलं आणि घाबरून परत लावलं. तिने आपल्या हाताकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “केलं असेल मी.”

मी वहीत लिहिलं: आरशाचं बटण बंद केलं, आठवत नाही.

हे पुन्हा पुन्हा झालं, रोज नाही, पण झालं की सकाळी सातलाच. कधी आरसा आपोआप परत चालू व्हायचा. दोनदा मात्र कार्डच खराब झालं आणि सगळं पहिल्यापासून टाकावं लागलं. त्या दोन्ही वेळी मी तिच्यावर ओरडलो. पाचव्या-सहाव्या वेळेपासून मी विचारायच्या आधीच ती पदराने हात पुसत आत येऊन म्हणायची, “मीच केलं असेल हो.”

अकरा नोंदी झाल्यावर वही डॉक्टरांपुढे गेली. मिठाच्या आणि गोळीच्या नोंदींवरून त्यांची नजर पुढे सरकली, या नोंदींवर थांबली. भलतीच बटणं दाबतात आणि आठवत नाही, म्हणजे गॅस आणि पंप यांपासून त्यांना लांब ठेवा, असं ते म्हणाले. मुलाने लगेच ठरवलं. गॅसची टाकी आम्ही उघडायची, आणि स्टार्टरवर कुलपाची लोखंडी पेटी. रविवारी अकराला पेटी बसवणारा येणार होता.

शनिवारी ती गास गावाला बहिणीकडे राहायला गेली. मुलगाही तिच्याबरोबर गेला, सकाळी घेऊन येतो म्हणाला. रविवारी सातला पंप मला लावावा लागला.

मी हिरवं बटण दाबलं. मोटर घुरघुरली, ओटीवरचा बल्ब क्षणभर मंदावला. दारातून आत पाहिलं. आरसा काळा.

घरात मी एकटा होतो. शेजारच्या बटणाला कुणाचा हात लागला नव्हता. मी पंप बंद केला आणि आरशापुढे जाऊन उभा राहिलो. दोन-एक मिनिटांनी वेळ आली, रविवार आला. पुन्हा ओटीवर गेलो, हिरवं दाबलं, वळून पाहिलं. काळा. तिसऱ्यांदा करून पाहिलं, तेव्हा आरसा परत आलाच नाही. कार्ड गेलं होतं.

व्होल्ट मोजायचा मीटर काढला. चार्जरपाशी जवळजवळ पूर्ण पाच व्होल्ट. आरशामागच्या टोकाला साडेचारही नाहीत, आणि पंप सुरू होताना आकडा आणखी घसरत होता. नोकरीत असताना गासच्या शेतांतली लाइन माझ्याकडे होती. शेवटच्या खांबावरचे लोक तक्रार करायचे, पंप पाणी उचलत नाही. मी त्यांना खांबावरून ओरडून सांगायचो, “लाइन लांब, वायर बारीक, तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर उरणार काय?” आणि माझ्याच घराच्या भिंतीत मी तेच केलं होतं. आरसा ते पिवळ्या चिन्हाने सांगत होता, तर मी त्याचं तोंड बंद केलं.

साडेसात वाजले होते. पेटीवाला अकराला येणार होता. मुलाला फोन करून दोन वाक्यं सांगितली असती तर पेटीवाला आला नसता. मी फोन केला नाही. मी घंटीची वायर सोडवली, आरशामागे जाड वायरीने नवा प्लग नेला, मुलाचा ॲडॅप्टर लावला आणि चिन्ह लपवणारी ती ओळ वगळून कार्डावर सगळं पुन्हा टाकायला घेतलं. तेवढ्यात ती दोघं परत आली तर उघडी भिंत आणि सुटलेली वायर पाहून मुलगा विचारील, याचीच भीती होती. पंप लावला. आरसा चालूच राहिला. पिवळं चिन्ह आलं नाही. फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा मी आरशाखालच्या फळीवरचा चुना पुसत होतो.

“अरे वा, चालू?” मुलगा म्हणाला.

“पुन्हा टाकलं सगळं.”

पेटीवाला वेळेवर आला. तो भिंतीला भोकं पाडत होता आणि मी त्याचं स्टूल धरून उभा होतो. बायको दारात उभी राहून बघत होती. मुलगा तिला म्हणाला, “आई, एक चावी तुझ्याकडे ठेवायची?”

“नको रे. माझ्याकडून हरवेल.”

तेव्हाही मी बोललो नाही. मुलासमोर लाइनमन म्हणून नाक खाली जाईल, एवढंच कारण होतं. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

त्यानंतर आरसा एकदाही बंद पडला नाही. मुलगा कौतुकाने म्हणायचा, “बघा बाबा, पेटी लावल्यापासून काही प्रॉब्लेम नाही.” मी मान हलवायचो. वाफे मी फिरवायचो आणि पाळी चुकवायचो. ती पायरीवर बसून बघायची.

मे महिन्यात एका दुपारी मी बाजारातून आलो. ती मधल्या खोलीत घामाने भिजून बसली होती. डोक्यावर पंखा बंद.

“लाइट गेली होती?”

“नाही.”

“मग पंखा का नाही लावलास?”

“तुम्ही येणारच होता.”

“अगं, दोन तास!”

“माझा हात लागला की बिघडतं ना काहीतरी.”

मी पंखा लावला आणि तिच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, “तू काही बिघडवलं नव्हतंस. आरसा बंद पडायचा तो माझ्या वायरीमुळे. तू फक्त हिरवं दाबत होतीस.”

तिने आरशाकडे पाहिलं. “आरसा कधी बंद पडला होता?”

तिला काहीच आठवत नव्हतं. मी ओरडलो ते नाही, पेटी का आली ते नाही. हाताची भीती तेवढी राहिली होती. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, “मग मला कशाला ओरडलात?” मी पाणी आणायला उठलो, तर मागून तीच म्हणाली, “आणि म्हणे लाइनमन.”

संध्याकाळी मुलगा येण्याआधी मी वही काढली. अकराही नोंदींपुढे लाल पेनाने लिहिलं: चूक माझी, तिने बटण दाबलं नव्हतं. त्याने उभ्यानेच सगळं वाचलं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“पेटी बसवली त्या सकाळी.”

“त्या सकाळी? बाबा, तुम्ही स्टूल धरून उभे होतात!”

त्यापुढे तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. डॉक्टरांकडे मात्र आम्हा दोघांना वहीसकट घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, बाकीच्या नोंदी खऱ्या आहेत आणि आजारही खरा आहे. गॅस बंदच ठेवा. पंप मात्र कुणी जवळ असेल तर लावू द्या.

पेटी मुलाने स्वतः काढली. भिंतीत चार भोकं राहिलीत, ती मी बुजवलेली नाहीत. रोज सातला आम्ही दोघं स्टार्टरपाशी उभे राहायचो, ती हात मागे घ्यायची. “तुम्हीच दाबा.” मी दाबायचो. असे पुष्कळ दिवस गेले. मग एका सकाळी, मी खिशातून चष्मा काढत असताना, मोटर घुरघुरली. तिने दाबलं होतं. बोट अजून बटणावरच होतं आणि ती घाबरून दाराकडे बघत होती.

“गेला का आरसा?”

“नाही गेला.”

“इथून काय सांगता? बघून या.”

मी आत गेलो. वार होता, वेळ होती, गोळीची आठवण होती. मी आतूनच ओरडून सांगितलं. उत्तर आलं नाही, म्हणून बाहेर आलो. ती पाटाच्या कडेने शेवटच्या वाफ्याकडे निघालीही होती. आदल्या दिवशी मी तोच चुकवला होता.

आता पंप रोज तीच लावते. पण रोज मला आत पाठवते, आणि मी रोज जाऊन बघून येतो.