गल्लीभर बेसन

पहिली नोकरी लागली आणि दुसरबीडला मी एक खोली भाड्याने घेतली. घरच्यांना ही खोली म्हणजे निव्वळ हट्ट वाटत होता, कारण त्याच गावात वडिलांचे चुलत भाऊ राहत होते. काकांकडे जेवण उत्तम असे. अडचण होती ती काकांची. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर सत्कारांचे फोटो लावलेले होते आणि पाहुण्याला दर पोळीमागे एक सत्कार ऐकावा लागे. वरण येईपर्यंत शाल पांघरून व्हायची, भातापर्यंत आभाराचं भाषण रंगात यायचं. तिसरी पोळी नको म्हणायला मी तिथेच शिकलो.

शेवटी आईने तडजोड काढली. "रविवारी येऊन पाहतो. हातानं रांधून खात असशीन तर राह्य. नाही तर मुकाट्यानं काकाच्या घरी जेवाले जाय."

मला दोन गोष्टी येत होत्या: खिचडी आणि बेसन. बेसन म्हणजे बाकीचा महाराष्ट्र ज्याला पिठलं म्हणतो ते. कांदा, मिरची, पाणी, पीठ. स्वस्त, झटपट आणि भाकरी विकत मिळाली की पूर्ण जेवण. पण ते करायची वेळच येत नव्हती. एकटा पोरगा राहायला आलाय म्हटल्यावर गल्लीतून कुठून अंबाडीची भाजी, कुठून भरीत, असं वाटीत झाकून येऊ लागलं. मी खायचो, वाटी घासायचो आणि खिडकीत ठेवून द्यायचो. आमच्याकडे दुसऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत आणि आत घालावं असं माझ्याकडे काही नसायचं. (चिमूटभर साखर चालते, हे मला फार उशिरा कळलं.)

रविवारी सकाळी खिडकीकडे नीट लक्ष गेलं. प्रत्येक वाटीवर कोणाचं ना कोणाचं नाव कोरलेलं. आईला चष्म्याशिवायही वाचता आलं असतं की तिचा मुलगा गल्लीच्या जिवावर जगतोय. मी घरातलं सगळं पीठ उकळत्या पाण्यात ओतलं, बेसन केलं, वाट्या भरल्या आणि घरोघर पोचवून आलो.

दुपारी आई आली. लख्ख ओटा आणि रिकामी खिडकी पाहून खुश झाली. तेवढ्यात समोरच्या मावशी दारात. पोराची आई आली हे कळल्यावर रिकाम्या हाताने कोण येतं? पदराखाली वाटी होतीच.

"तुमच्या पोरानं आज बेसन खाऊ घातलं, माय," मावशी म्हणाल्या.

आई फुलली. "कसं झालतं?"

"चांगलं होतं. गाठी फोडू फोडू खाल्लं. माह्या नातवानं तर भजेच समजले."

त्यांच्यामागून शेजारच्या काकू आल्या, वाटी घेऊन. मग घरमालकीण, डबा घेऊन. "एवढ्या दिवसाच्या वाट्या आज एकदमच वापस आल्या," त्या सहज म्हणाल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तू रांधतच नव्हता?"

मी मिरच्यांचे देठ काढू लागलो. आईने पिशवीतून फोन काढला. "थांब, काकाले सांगतो. आज रात्रीपासून तिकडंच जेवजो."

"काऊन?" मावशी एकदम म्हणाल्या. "अन् ह्या वाट्या? ह्या का काका भरून देतीन?"

आईचा अंगठा फोनवर थांबला. मुलगा उपाशी राहिला तर ते तिने सोसलं असतं. पण गल्लीच्या वाट्या भरून परत न करता तो दुसरीकडे पंगतीला बसला, हे कोणीतरी तिच्या माहेरपर्यंत पोचवलं असतं. फोन लागला होता. पलीकडून काकांचा सभेतला आवाज आला.

"भाऊजी," आई म्हणाली, "पोरगा सणावाराले येत जाईन. रोजचं इथंच जमलं त्याचं." मग बराच वेळ नुसतं हो हो म्हणत राहिली. बहुधा एखादा सत्कार चालू असावा.

फोन ठेवून तिने पदर खोचला आणि शेजारून पीठ मागून आणलं, अर्थातच वाटीत.

"आता मी हात लावणार नाही. तूच कर. पहिले पीठ थंड्या पाण्यात कालव. अन् हलवत राह्य. तिकडं बायांकडं काय पाहून राह्यला? हलव!"

तिघी दारातच बसल्या होत्या. जेवल्याशिवाय उठायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.